वाचक विचारतात: डेकवरचा सौर पंखा

केबिनच्या छपरावर बसणारा, डोक्यावर काळं पॅनल असलेला गोल सौर पंखा हा या वेळच्या पत्रांचा विषय आहे. बोट मुरिंगवर (पाण्यात कायम टाकलेल्या बोयाला बांधून) आठवडेच्या आठवडे कुलूपबंद उभी असते, तेव्हा आतली हवा हलती ठेवणं एवढंच त्याचं काम. प्रश्न पंख्याचे असले तरी उत्तरांत बरीचशी जागा डेकमधल्या छिद्राने घेतली आहे. त्याला कारण आहे. पंखा गेला तर काही हजारांत नवा येतो. छिद्रातून पाणी मुरलं तर डेकच उघडावं लागतं.

प्रश्न: आमची २६ फुटी शिडाची बोट मुंबई बंदरात मुरिंगवर असते. पुढच्या केबिनवरचा ४ इंची सौर पंखा अंधार पडला की थांबतो, दिवसाही कसाबसा फिरतो. नवाच घ्यावा का? (कुलाबा)

उत्तर: इतक्यात नको. रात्री थांबतो म्हणजे पहिला संशय सेलवर. केबिनच्या बाजूने जाळीची चकती काढली की बहुतेक मॉडेलांत 'सी' मापाचा, १.२ व्होल्टचा एकच निकेल-मेटल हायड्राइड सेल सापडतो. त्याचं माप पंखा चालू ठेवून आणि पॅनलवर जाड फडकं टाकून घ्या. सेल नुसता बाहेर काढून मल्टिमीटर लावलात तर निकामी सेलही १.२ दाखवून फसवतो. भाराखाली तो काही मिनिटांत १ व्होल्टच्या खाली आला तर त्याचे दिवस भरले.

मग पॅनल. सेल काढून, दुपारच्या उन्हात, पॅनलच्या दोन तारांवर माप घ्या. भरत आलेला सेल १.४ व्होल्टपर्यंत चढतो आणि रात्री सेलमधली वीज पॅनलकडे उलटी जाऊ नये म्हणून मध्ये जो डायोड असतो तो ०.२ ते ०.३ व्होल्ट खातो. म्हणजे भर उन्हात १.७ व्होल्टही न देणारं पॅनल सेल कधीच पूर्ण भरणार नाही. तुम्ही कितीही नवे सेल घाला, आठवड्याभरात रड तीच. पॅनलवरचं प्लॅस्टिक दुधाळ झालं असेल तर बारीक पॉलिशने थोडा फरक पडतो. कडेने पाणी शिरून आतल्या पट्ट्या तपकिरी पडल्या असतील तर पॉलिश करण्यात अर्थ नाही.

तिसरी मोटर. पूर्ण भरलेला सेल घालूनही पाती बोटाने ढकलल्याशिवाय फिरत नसतील तर मोटरचे ब्रश झिजले आहेत किंवा बुशात मीठ बसलं आहे. एवढ्याशा मोटरची दुरुस्ती फारशी टिकत नाही. तेव्हा सरळ नियम धरा: फक्त सेल गेला असेल तर सेल बदला, पॅनल किंवा मोटर गेली असेल तर पंखा बदला.

सेल लॅमिंग्टन रोडला मिळतो, पण वजन पाहून घ्या. खरा 'सी' सेल ७० ते ८० ग्रॅमचा असतो. बाजारात 'सी'च्या पोकळ कवचात छोटा 'डबल ए' सेल घातलेला मालही असतो. तो हाताला लगेच हलका लागतो आणि मध्यरात्रीच संपतो. साधा अल्कलाइन सेल चुकूनही घालू नका. पॅनल त्याला दिवसभर भरत बसतं, तो फुटतो आणि त्यातला क्षार संपर्कपट्ट्या खाऊन टाकतो. जुन्या पट्ट्यांवर हिरवी पूड दिसत असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून, किंचित डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून मगच नवा सेल बसवा.

प्रश्न: ३ इंची जुना पंखा काढून ४ इंची बसवायचा आहे. स्क्रू काढले तरी कडं डेकला घट्ट चिकटलेलं आहे. स्क्रूच्या भोकातून ओलसर काळा लाकडाचा भुगा आला. पुढे काय करावं? (अलिबाग)

उत्तर: तो काळा भुगा म्हणजे सडलेला बाल्सा. फायबरच्या दोन पातळ थरांच्या मधे हलक्या लाकडाचा गाभा, अशी तुमच्या डेकची रचना आहे आणि पाणी त्या गाभ्यात शिरलं आहे. पंखा बाजूला ठेवा. आधी ओल कुठवर गेली ते शोधा. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने छिद्रापासून बाहेरच्या दिशेने ठोकत जा. खणखणीत आवाज असेल तिथे गाभा कोरडा, बद्द आवाज येईल तिथे सुटलेला. बद्द आवाजाची सीमा पेन्सिलने आखा. ती कडेपासून दोन-तीन इंचांत संपत असेल तर खाली दिलेलं काम तुम्ही स्वतः करू शकता. त्याहून लांब गेली असेल तर वरचा थर कापून गाभा बदलावा लागतो आणि ते बोट-दुरुस्तीच्या यार्डाकडे द्यावं.

कडं सोडवायला पहार घालून उचकटू नका, जेलकोटचे (फायबरवरच्या चकचकीत थराचे) टवके उडतात. गळाची जाड तंगूस घ्या, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधा आणि कड्याच्या खाली घालून करवतीसारखी ओढत सीलंट कापत जा. हॉट एअर गनची ऊब दिली की पॉलियुरेथेनचं सीलंट मऊ पडतं, पण हात लावून सोसवेल इतपतच. कडं तसंही फेकायचंच असेल तर ते दोन-तीन ठिकाणी कापून तुकड्यांनी काढणं सगळ्यात सोपं.

आता छिद्र. ३ इंची पंख्याला साधारण ९५ मिलिमीटरचं छिद्र लागतं, ४ इंचीला साधारण १२१. पंख्याचं माप आणि छिद्राचं माप वेगळं असतं हे लक्षात न घेतल्याने इथेच घोळ होतो. नव्या पंख्याबरोबर आलेल्या कागदावरचं माप प्रमाण माना. होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) मोठं छिद्र पाडायचं तर मधल्या ड्रिलला आधार नाही, कारण मध्यभागी आधीच भोक आहे. म्हणून १२ मिमी प्लायवुडमध्ये १२१ चं भोक पाडून घ्या आणि तो तुकडा दुहेरी टेपने व क्लॅम्पने डेकवर पक्का बसवा. सॉ त्या भोकाच्या आत फिरेल आणि भटकणार नाही. जेलकोटवर मास्किंग टेप लावा आणि पहिला एखादा मिलिमीटर ड्रिल उलटं फिरवून कापा; कडा शाबूत राहतात.

छिद्र पडलं की वरच्या आणि खालच्या थराच्या मधला बाल्सा सगळीकडून १२ मिमी आत खरवडून काढा. जुनी ॲलन की काटकोनात कापून ड्रिलमध्ये धरली की हे काम झटपट होतं. मग सुकवणं. ओल्या बाल्साला एपॉक्सी धरत नाही, ती नुसती वर बसते आणि वर्षभरात सुटते. म्हणून हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच काढा. दिवसा ऊन, रात्री वरून ताडपत्रीची कनात, वाटल्यास हेअर ड्रायर, असे चार-पाच दिवस तरी जाऊ द्या. लाकडाचा रंग फिकट झाला आणि नखाने दाबल्यावर ओल लागेना, की पुढे चला.

खालून मास्किंग टेप लावून तळ बंद करा. आधी पातळ, नुसती एपॉक्सी ब्रशने बाल्साला पाजा. तो पितो तेवढी पिऊ द्या. ती चिकट असतानाच उरलेल्या एपॉक्सीत कोलॉइडल सिलिका मिसळून चक्क्याइतकी घट्ट करा आणि पोकळी ठासून भरा. एका वेळी वाटीभरापेक्षा जास्त मिसळू नका: मुंबईच्या उकाड्यात मोठा घाणा भांड्यातच तापून दगड होतो. चोवीस तासांनी पृष्ठभागावर मेणचट थर आला असेल तर तो सँडपेपरने घासू नका. आधी पाणी आणि हिरव्या घासणीने धुवा, नाहीतर तो पेपरमध्ये अडकून पृष्ठभागावरच चोळला जातो. जुन्या स्क्रूंची भोकंही ८ मिमीपर्यंत मोठी करून अशीच भरा. नव्या स्क्रूंसाठी त्या भरावातच भोक पाडा. ८ नंबरच्या स्क्रूला ३ मिमीचं.

केबिनचं छप्पर बहुधा किंचित कमानदार असतं आणि पंख्याचं कडं सपाट. स्क्रू आवळून कडं वाकवायला गेलात तर ते आज नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तडकेल. टीक किंवा मरीन प्लायची १० ते १२ मिमी जाडीची चकती करा. डेकवर ८० नंबरचा सँडपेपर उताणा चिकटवा आणि चकती त्यावर पुढे-मागे घासा. डेकचा बाक आपोआप तिच्यात उतरतो. मग तिच्या सगळ्या कडा एपॉक्सीने बंद करा.

सीलंटबद्दल आमचं मत ठाम आहे. पंखा पुन्हा कधीतरी काढावा लागणारच, तेव्हा थ्रीएम ५२०० सारखं कायमचं चिकटणारं काही लावू नका. ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) उत्तम. नाहीतर सिकाफ्लेक्स २९१ सारखं पॉलियुरेथेन. पॉलिसल्फाइड एरवी चांगलं, पण प्लॅस्टिकच्या बॉडीला ते बाधतं. ब्यूटाइल वापरत असाल तर स्क्रूच्या भोकांच्या तोंडाला काउंटरसिंकने उतार द्या म्हणजे टेपची कडी तिथे दाबून बसते, आणि स्क्रू एका दमात आवळू नका. दोन-तीन दिवस रोज पाव-अर्धा फेरा. टेप हळूहळू पसरते, घाई केली तर कडं तडकतं. पॉलियुरेथेन लावलंत तर सगळं पिळून बाहेर येईल इतकं आवळू नका, मिलिमीटरभर थर आत राहायला हवा.

स्क्रू ३१६ स्टीलचे. नागदेवी स्ट्रीटला मागताना चुंबक लावून खात्री करण्याच्या भानगडीत पडू नका: ३०४ आणि ३१६ दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. पाकिटावर किंवा डोक्यावर ए४ लिहिलं असेल तर ३१६, ए२ असेल तर ३०४. स्क्रू शेवटचे आवळून झाले की दुसऱ्या दिवशी बादलीने नव्हे, पाइपने पाच मिनिटं पाणी मारा, आणि त्या वेळी एकाने आत टॉर्च घेऊन बसावं.

प्रश्न: डेकला भोक पाडण्याऐवजी पुढच्या हॅचच्या (उघडणाऱ्या झाकणाच्या) ॲक्रिलिकमध्ये पंखा बसवला तर? (ठाणे)

उत्तर: चालतं, आणि गाभा सडण्याची भीती राहत नाही. जाडी १० मिमी तरी हवी आणि भोकाची कड चौकटीपासून ५० मिमी आत. होल सॉ हळू चालवा, खाली प्लायचा तुकडा दाबून धरा, पाण्याचा शिडकावा करत राहा. तापलं की ॲक्रिलिक वितळून सॉला चिकटतं. भोकाची कड ४०० नंबरच्या पेपरने गुळगुळीत करा, कारण चीर नेहमी एखाद्या लहानशा खाचेतूनच सुरू होते. ॲक्रिलिक उन्हात बरंच फुगतं. अर्ध्या मीटरच्या हॅचमध्ये तापमान ३० अंशांनी चढलं की सुमारे १ मिमीचा फरक पडतो. त्यामुळे ४ मिमी बोल्टला ५.५ मिमीचं भोक द्या, खाली निओप्रीन वॉशर घाला, स्क्रू थेट ॲक्रिलिकमध्ये पिळू नका. पुसायला साबणपाणीच. ॲसिटोन किंवा थिनर लावलात तर तासाभरात बारीक चिरांचं जाळं दिसू लागेल.

ठरवण्याआधी हॅच पूर्ण मागे उघडून पाहा. पंख्याचा घुमट डेकवर आपटणार असेल तर हॅच अर्धवटच उघडेल, आणि आणीबाणीत बाहेर पडायची वाट तीच असेल तर हा बेत सोडा. जिबच्या (पुढच्या शिडाच्या) दोऱ्या टॅक करताना, म्हणजे वाऱ्यातून वळून दिशा बदलताना, कुठून घासत जातात तेही बघा. उंच घुमटात दोरी अडकली तर घुमट उपटूनच येतो.

प्रश्न: नवा ४ इंची पंखा व्यवस्थित फिरतो, तरी केबिनमधला कुबट वास जात नाही. पावसाळ्यात गाद्यांना बुरशी आली. पंखा कमी पडतो का? (पणजी)

उत्तर: पंख्याला हवा मिळत नसणार. कागदावर ४ इंची पंखा ताशी १,००० घनफूट, म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा बाहेर टाकतो. बोटीत आत १५ घनमीटर हवा धरली तर तासाला जवळजवळ दोनदा हवा बदलायला हवी. पण सगळ्या हॅच रबरी गॅस्केटवर घट्ट बंद, दाराच्या फळ्या बसवलेल्या, अशा बोटीतून पंखा काय ओढणार? तो जागच्या जागी हवा घुसळत बसतो.

आत येणारी वाट बाहेर जाणाऱ्या वाटेएवढी तरी हवी. ४ इंची नळीचं क्षेत्रफळ सुमारे ८० चौरस सेंटिमीटर. दाराच्या फळीत झडपांची जाळी बसवायची तर झडपा निम्मी वाट अडवतात, म्हणून १० बाय १६ सेंटिमीटरची जाळी घ्या. नांगरलेल्या किंवा मुरिंगवरच्या बोटीत हवा स्वाभाविकपणे मागून पुढे वाहते, तेव्हा पंखा नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, केबिनवर आणि जाळी मागच्या दारात. मधलं अंतर जितकं जास्त तितकं बरं. आतली कपाटं, गाद्यांखालचे कप्पे आणि टॉयलेटचं दार उघडं ठेवूनच बोट सोडा.

पातं कुठलं लावलं आहे तेही तपासा. पंख्यासोबत बहुधा दोन पाती येतात, एक हवा बाहेर टाकणारं, एक आत घेणारं. मोटर एकाच दिशेने फिरते, पातं बदललं की हवा उलटते. दाराशी उदबत्ती धरा: धूर आत ओढला जायला हवा. (पेट्रोलचं इंजिन किंवा गॅसची शेगडी असलेल्या बोटीवर उदबत्तीऐवजी टिश्यू पेपरची पट्टी वापरा.) जाळीत मीठ आणि कापसाचा थर बसला असेल तर जुन्या टूथब्रशने गोड्या पाण्यात धुवा. दीर्घकाळ बंद पडलेल्या पंख्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, तेही एकदा डोकावून पाहा.

पावसाळ्याचं मात्र वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच इतकी दमट असते की ती आत घेऊन काही सुकत नाही. त्यात गाद्यांत मीठ असेल तर आणखी वाईट. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरू लागतं, आणि कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात ती महिनोन्‌महिने त्याच्या वर असते. म्हणून मे अखेरीस गाद्या, दोऱ्या, लाइफ जॅकेटं घरी न्या. आतला पृष्ठभाग गोड्या पाण्याने पुसून घ्या. पंखा चालू राहू द्या, साचलेल्या हवेपेक्षा हलती हवा केव्हाही बरी, पण पावसाळ्यात त्याच्याकडून सुकवण्याची अपेक्षा ठेवू नका. खरा फरक ऑक्टोबरपासून दिसेल.

प्रश्न: हाच पंखा पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यावर बसवला तर वास निघून जाईल का? (रत्नागिरी)

उत्तर: नाही, आणि बसवूच नका. या पंख्याच्या मोटरमध्ये ब्रश असतात, ब्रशांची ठिणगी उडते, आणि ती ठिणगी बंदिस्त ठेवण्याची सोय या मोटरीत नसते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते; छपरावरचा पंखा तिला हात लावत नाही. तिथे बिल्जच्या (बोटीच्या सगळ्यात खालच्या पोकळीच्या) तळापर्यंत नळी गेलेला, ठिणगी-सुरक्षित असा खास ब्लोअरच हवा. अमेरिकेत अशा बोटींवर इंजिन सुरू करण्याआधी ४ मिनिटं ब्लोअर चालवा अशी सूचना चिकटवलेली असते. ती सवय इथेही लावून घ्या. स्वयंपाकाचा गॅसही जडच. सिलिंडरच्या कप्प्यावरही हा पंखा नको.

प्रश्न: आमची बोट हिवाळ्यात पाच महिने श्रिंकरॅपमध्ये (ताणून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणात) बंद असते. पंखा चालू ठेवावा का? (मेरीलँड)

उत्तर: पांढऱ्या श्रिंकरॅपमधून येणाऱ्या उजेडात सेल भरत नाही. चालू ठेवलात तर तो पूर्ण रिकामा होऊन वसंतात मेलेला सापडेल. बटण बंद करा, सेल काढून अर्धवट भरलेला घरी ठेवा. पंख्याची झडप उघडी राहू द्या आणि श्रिंकरॅपलाच दोन्ही टोकांना व्हेंट लावून घ्या.

प्रश्न: सेल दर दोन वर्षांनी बदलण्यापेक्षा बोटीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर साधा पंखा लावला तर? (वाशी)

उत्तर: हिशेब करून पाहू. १२० मिमीचा, ब्रश नसलेला १२ व्होल्टचा पंखा सुमारे ०.१५ अँपिअर घेतो. चोवीस तासांत ३.६ अँपिअर-तास. १० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात साधारण अर्धा अँपिअर देतं. दिवसाचे साडेचार तास पूर्ण ऊन धरलं तर जेमतेम अडीच अँपिअर-तास. म्हणजे बॅटरी रोज थोडी उतरत जाणार. २० वॅटचं घेतलं तर पाचच्या आसपास येतात आणि दोन ढगाळ दिवस निभावतात, तेही बूम (शिडाखालचा आडवा दांडा) किंवा शिडाच्या कव्हरची सावली पॅनलवर पडत नसेल तर. छोट्या पॅनलचा एक कोपरा झाकला तरी त्याची वीज निम्म्याहून खाली येते.

कॉम्प्युटरचा साधा पंखा घेऊ नका. त्याच्या सर्किटवर खारी हवा बसली की एका मोसमात तो बसतो. आयपी६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाण्याला दाद न देणारा, घ्या. तो डेकच्या खाली, आडोशाला बसवा आणि वर पाणी वेगळं करणारी डोराड पेटी द्या. १९३० साली पाण्यात उतरलेल्या 'डोराड' या शर्यतीच्या बोटीवरून तिला ते नाव मिळालं. नळीतून लाट आत आली तरी पाणी पेटीच्या तळाशी पडून भोकांतून डेकवर वाहून जातं, हवा मात्र मधल्या उंच कॉलरवरून खाली उतरते. कॉलर ५० मिमी तरी उंच हवी.

तारा कल्हई केलेल्या, १ चौरस मिमीच्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. पंख्याच्या धन तारेवर १ अँपिअरचा फ्यूज लावा आणि तो पंख्याजवळ नको, बॅटरीच्या टोकापासून १५ सेंटिमीटरच्या आत. तार कुठे घासून उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग बिनसंरक्षित असतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा.